पार्श्वभूमी : ॲक्युपंक्चरला ‘मान्यता’ आहे म्हणजे नेमकं काय?

ॲक्युपंक्चरला भारतात मान्यता आहे का? २००३ पासूनचे सरकारी कागद चाळले तर ‘नाही’, ‘तशी आहे’ आणि ‘आहे’ अशी तिन्ही उत्तरं सापडतात. एकाच कागदातून दोन उत्तरं काढणारेही आहेत.

मूळ चीनमधलं. तिथल्या नावात दोन क्रिया आहेत: सुई टोचणं, आणि दवण्याच्या कुळातली वाळवलेली वनस्पती जाळून शेक देणं. सतराव्या शतकात एका डच डॉक्टरने लॅटिन शब्द जोडून जे नाव केलं तेच आपण वापरतो, आणि त्यात शेक गळून पडला. ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ हे जाहिरातीत शोभतं. प्रत्यक्षात १८२२ मध्ये चिनी बादशहानेच आपल्या दरबारी वैद्यकसंस्थेतून सुया हद्दपार केल्या होत्या. आज जे शिकवलं जातं त्याची घडी बसली ती १९५० नंतर, सरकारी आश्रयाखाली. ‘सुश्रुताकडे हे होतंच’ असंही आपल्याकडे ऐकू येतं. पण सुश्रुताची मर्मं ही टोचायची नव्हे, जपायची ठिकाणं आहेत, तिथे इजा झाली तर जिवावर बेतू शकतं.

भारतातल्या गोष्टीचं एक टोक सोलापुरात आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचा तरुण, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ॲक्युपंक्चरच्या शिबिरांत त्याचा फोटो हमखास असतो, लुधियान्यात त्याच्या नावाचं ॲक्युपंक्चरचं रुग्णालयही आहे. तो मात्र शल्यविशारद होता आणि १९४२ मध्ये तिकडेच वारला. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या एका बंगाली सहकाऱ्याने, पुढे पुन्हा चीनला जाऊन, शिकून. कोलकात्यात १९५९ मध्ये त्याने हे उपचार सुरू केले. म्हणून या विषयात बंगाल पुढे राहिला आणि १९९६ मध्ये त्या राज्याने स्वतंत्र कायदाही केला.

जगभर गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. एका अमेरिकी पत्रकाराचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ‘फक्त सुया टोचून पोट कापलं’ ही त्याची प्रचलित आवृत्ती. भूल नेहमीच्याच औषधाची होती, सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा.

खरा घोळ २००३ चा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालानंतर, पर्यायी उपचारांपैकी कशाला मान्यता द्यायची हे तपासायला केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिच्यापुढे ॲक्युपंक्चर बसलं ते रेकी, चुंबक, रत्नं, संगीत आणि शिवांबू यांच्या पंगतीत. आयुर्वेद, होमिओपॅथी अशा आधीपासून मान्य असलेल्या पद्धती सोडून समितीने कुणालाच ‘सिस्टिम ऑफ मेडिसिन’, म्हणजे स्वतंत्र वैद्यकशास्त्र, मानलं नाही. ॲक्युपंक्चर आणि संमोहन यांना मात्र ‘मोड ऑफ थेरपी’, म्हणजे उपचाराचा नुसता एक प्रकार, म्हटलं. नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा ‘योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी’ ते करायला हरकत नाही, असं नोव्हेंबर २००३ च्या आदेशात आलं. ‘डॉक्टर’ ही उपाधी मात्र मान्य पद्धतींच्याच लोकांनी लावायची.

या ‘किंवा’ने वाद पेटवला. डॉक्टर मंडळी म्हणाली, हे आमच्या हातातलं एक साधन आहे, जसं फिजिओथेरपीचं यंत्र. सुईवाले म्हणाले, ‘किंवा’च्या पुढे आम्हीच आहोत. प्रशिक्षण योग्य की अयोग्य हे ठरवायचं कुणी, याचं उत्तर आदेशातून निघत नव्हतं. बंगालमध्ये तर सात वर्षं जुना कायदा होता, त्याच्या नावातच ‘सिस्टिम ऑफ थेरपी’ असा तिसराच शब्दप्रयोग. मला तो धूर्त तोडगा वाटतो: एका पारड्यातली ‘सिस्टिम’ घेतली, दुसऱ्यातली ‘थेरपी’.

मराठीने यात आपली भर घातली. ‘सिस्टिम’ म्हणजे पद्धती आणि ‘मोड’ म्हणजेही पद्धतीच! ज्या एका शब्दावर दिल्लीत कीस पाडला गेला, तो फरकच मराठी बातमीत उरत नाही. ‘उपचारपद्धती म्हणून मान्यता’ हे वाक्य २००३ च्या आदेशाबद्दलही लिहिता येतं आणि केंद्राच्या पुढच्या, २०१९ च्या निर्णयाबद्दलही, अर्थ वेगळा असला तरी.

महाराष्ट्राने बंगालचाच शब्दप्रयोग उचलून, नावात २०१५ हे साल असलेला कायदा केला. नोंदणीसाठी परिषद आली, ‘योग्य प्रशिक्षण’ कशाला म्हणायचं हे ठरवणारं निदान राज्यात तरी कुणी आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानेही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

उपचाराचा गुण येतो का, हा प्रश्न या कागदांपासून बराचसा अलिप्त राहिला. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना सहा महिन्यांनी फरक पडला होता. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २७.४ होतं. दोन्ही बाजू हेच आकडे मिरवतात: एक म्हणते, सुया नेहमीच्या उपचारांहून सरस; दुसरी म्हणते, मग खऱ्या आणि भलत्या जागेत फारसा फरक कुठे आहे? ब्रिटनमधल्या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस केली, २०१६ मध्ये ती काढून घेतली आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या दीर्घकाळच्या वेदनांसाठी पुन्हा सुयांचं नाव घेतलं. कंबरदुखीवरचा नकार तेव्हाही कायम होता.