एबोनाइट की सेल्युलॉइड? जुनं पेन घेताय तर एवढं बघूनच घ्या

जुन्या फाउंटन पेनांचा नाद लागला की थोड्याच दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं, "काळं आहे, जुनं आहे, म्हणजे एबोनाइटच." (एबोनाइट म्हणजे गंधक घालून टणक केलेलं रबर, सेल्युलॉइड म्हणजे एक जुनं प्लॅस्टिक, जुनी पेनं या दोन्हींची असायची.) विकणारा ठोकून देतो, घेणारा मान डोलावतो, घरी आणून व्हिडिओत बघितलेले एबोनाइटचे सगळे उपाय त्यावर सुरू होतात आणि पेन निघतं सेल्युलॉइडचं. उलटंही तितकंच होतं, तपकिरी पडलेलं चांगलं एबोनाइट बघून "हे सडलंय, नको" म्हणून लोक ते सोडून देतात आणि शेजारचं चकचकीत पण आतून संपलेलं सेल्युलॉइड घेऊन येतात. स्वस्तात जुनी पेनं जमवायची तर आपल्याला दुरुस्तीवर पैसे घालवणं परवडत नाही, म्हणून हा फरक आधी डोक्यात बसायला हवा, निबचा नंबर वगैरे नंतर.

एबोनाइट आपल्याकडच्या शाईपेनवाल्यांना शिकवायची गरज नाही. राजमहेंद्रीचं रत्नम 1932 पासून आहे, तिथलंच गायडर, तिरुवळ्ळूरचं रंगा, ही पेनं आजही एबोनाइटच्या कांबीतून लेथवर कातून काढतात आणि या नादातल्या बऱ्याच जणांकडे त्यातलं एखादं असतंच. रबरात तीसेक टक्के गंधक घालून बराच वेळ तापवलं की जे टणक काळं होतं ते एबोनाइट, हातात गरम-गार न लागणारं, ड्रॉपरने शाई भरायचं. झालं.

सेल्युलॉइड मात्र बरेच जण "जुन्या काळचं प्लॅस्टिक" म्हणून सोडून देतात आणि तिथेच फसतात. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जे नायट्रोसेल्युलोज मिळतं त्यात कापूर मिसळून हे बनतं, हो, आपला देवघरातला कापूरच. 1870 च्या सुमारास अमेरिकेत हायट (Hyatt) बंधूंनी ते बाजारात आणलं. पेनांत ते जरा उशिरा आलं. अमेरिकेच्या शेफर कंपनीने 1924 साली आणलं, पार्करने मोठं लाल ड्युओफोल्ड 1921 ला एबोनाइटमध्ये काढलं आणि 1926 पासून तेच पेन सेल्युलॉइडमध्ये द्यायला लागले, वॉटरमन कंपनी 1929 च्या पॅट्रिशियन पेनापर्यंत एबोनाइटला चिकटून राहिली. म्हणजे 1924 नंतरची काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालू होती, एकाच नावाचं पेन दोन्हींत मिळू शकतं, त्यामुळे नुसतं नाव किंवा साल सांगून काही सिद्ध होत नाही.

ओळखायचं कसं, हे तसं सोपं आहे. मोत्यासारखी झाक, पट्टे, हिरवा-निळा चमकता रंग असेल तर एबोनाइट नाही, एबोनाइटमध्ये त्या काळी काळं, लाल, आणि लाल-काळ्या लाटांचं एवढंच साधारण असायचं. काळ्यात शंका आली तर अंगठ्याने किंवा सुती कापडाने जोरात घासून लगेच नाकाशी धरा, एबोनाइटला जळक्या रबराचा, गंधकाचा वास येतो आणि सेल्युलॉइडला कापराचा. जुना टेबल टेनिसचा बॉल घरात असेल तर तो घासून वास लक्षात ठेवा, 2014 पर्यंत स्पर्धांचे बॉल सेल्युलॉइडचेच असायचे. फक्त घासताना नेमकं कुठे घासताय ते बघा, कारण सेल्युलॉइडच्या पेनातही पकडायचा भाग आणि निबखालची जीभ पुष्कळदा एबोनाइटची असते. तिथे घासलं की गंधकाचा वास येणारच, आणि मग सगळं पेन एबोनाइटचं ठरवून लोक मोकळे होतात. टोपण आणि बॅरल (म्हणजे पेनाचं मुख्य नळीसारखं अंग) वेगवेगळं घासा.

गरम सुई टोचून बघणारे आणि कोपऱ्यात ॲसिटोन लावून बघणारे, या दोन जमातींवर माझा मनापासून राग आहे. सुईने भोक पडतं, सेल्युलॉइड तर पेट घेऊ शकतं, ॲसिटोनने सेल्युलॉइड विरघळतं, आणि हे सगळं कशासाठी, तर जे नाकाने कळतं ते कळायला. असल्या खुणा असलेलं पेन मी तरी हातात घेत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात सगळे अडकतात. एबोनाइट बाहेरून म्हातारं होतं आणि सेल्युलॉइड आतून. बाकी सगळं, म्हणजे धुणं, ठेवणं, पॉलिश, भाव, यातूनच निघतं.

एबोनाइटवर उजेड आणि ओल यांचा परिणाम होतो, वरच्या पातळ थरातल्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं, काळ्याचा आधी तपकिरी आणि मग शेवाळी रंग होतो, हात लावला तर किंचित कोरडं, खरखरीत लागतं. पण हे फक्त कातडीपुरतं. आतलं एबोनाइट शंभर वर्षांनीही तसंच असतं. ते बघायचं तर टोपण काढा आणि बॅरलवर टोपणाची कड जिथे येते तिथे नजर टाका, एक स्पष्ट रेघ दिसेल, रेघेच्या निबकडच्या बाजूला, टोपणाखाली झाकलेला भाग काळा कुळकुळीत आणि उघडा राहिलेला भाग कॉफीच्या रंगाचा. क्लिप जरा हलली असेल तर तिच्या खालीही असाच काळा पट्टा दिसतो. अशी रेघ दिसली की मला तरी आनंदच होतो, कारण याचा अर्थ पेन कुणी घासलेलं नाही, रंगवलेलं नाही, आणि त्याच्यावरची बारीक नक्षी आणि कंपनीचा छाप असायला हवा तसा आहे. उलट 1915 चं म्हणून दाखवलेलं पेन एकसारखं काळं आणि आरशासारखं चमकत असेल तर छापावर नख फिरवून बघा, अक्षरं पुसट लागली की समजा पॉलिशच्या चाकावर धरून वरचा थर उडवलाय. रंग परत आला पण छाप गेला, आणि गेलेला छाप काही परत येत नाही. काळ्या द्रावणात बुडवून "रिस्टोअर" केलेली पेनं विकणाऱ्यांना मी तर विचारूनच घेते, नक्की काय केलंय ते, आणि गोलमोल उत्तर आलं तर पुढे जाते.

सेल्युलॉइडचं सगळं वेगळं. वरून बघाल तर लखलखीत, काळं असेल तर काळंच राहतं, नव्वद वर्षांचं पेन परवा आणल्यासारखं दिसतं. पण आत काय चाललेलं असतं ते बघा, कापूर हळूहळू उडून जातो, त्यामुळे ते आकसतं आणि ठिसूळ होतं, आणि नायट्रेट सुटायला लागलं की त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचे वायू निघतात, ते हवेतल्या ओलीशी मिळून आम्ल होतं, आणि ते आम्लच पुढची झीज आणखी वेगाने करतं. एकदा ही साखळी सुरू झाली की पॉलिश, मेण, तेल, कशाचाच उपयोग नाही, कारण रोग पृष्ठभागावर नाहीच. शिवाय तो तिथेच थांबत नाही, त्याच डब्यातली बाकीची सेल्युलॉइडची पेनं आणि धातूच्या क्लिपाही त्या वायूंनी खराब होतात. जुन्या सिनेमांची रिळं याच नायट्रेटवर असायची, आणि 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशाच रिळांना आग लागून केवढं नुकसान झालं हे आपल्याकडच्या लोकांना तरी सांगायला नको.

म्हणून सेल्युलॉइडचं पेन घेताना वरची चमक बघू नका, आत बघा. बॅरल उघडता येत असेल तर उघडा, मोबाईलचा टॉर्च मागून धरा आणि फिरवा. काचेला आतून तडे गेल्यासारखी बारीक बारीक जाळी दिसली तर ते पेन फुकट मिळालं तरी आपल्या डब्यात नको. टोपण उघडून वास घ्या, कापराचा मंद वास चांगला, नाकाला झोंबणारा आंबट-तिखट वास वाईट. क्लिप आणि रिंगेच्या कडेला हिरवट बुरशीसारखं काही असेल, आणि तेही फक्त प्लॅस्टिकला टेकलेल्या बाजूला, तर तेही लक्षण. फिके आणि पारदर्शक रंग जास्त धोक्याचे, काळं आणि गडद रंगाचं त्यामानाने टिकतं. आणि हो, सगळंच सेल्युलॉइड सडतं असं अजिबात नाही, तीसच्या दशकातली शेफर आणि पार्करची कितीतरी पेनं आजही ठणठणीत आहेत, उगाच घाबरून जाऊ नका, फक्त टॉर्च खिशात ठेवा.

एक डाग मात्र रोग नसूनही रोगासारखा दिसतो. हिरव्या, फिक्या रंगाच्या पेनांचं बॅरल शाईच्या रबरी नळीच्या लांबीएवढंच तपकिरी पडलेलं असतं आणि टोपण मात्र मूळ रंगाचं. लोक म्हणतात शाईचा डाग आहे, भिजत घालू. तो शाईचा डाग नाहीच, आतल्या रबराच्या नळीतून निघालेल्या गंधकाने सेल्युलॉइड आतून काळवंडलंय, ते जात नाही. पुढचं थांबवायचं असेल तर अशा पेनात रबराऐवजी सिलिकॉनची किंवा पीव्हीसीची नळी बसवून घ्या, नवीन रबर बसवून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा, कारण नाही सांगितलं तर तो नेहमीचंच बसवणार.

धुण्याचा नियम यातूनच येतो. एबोनाइट पाण्यात भिजत ठेवायचं नाही, विशेषतः जुनं, रात्रभर वाटीत टाकलं की सकाळी शेवाळी रंग तयार, गरम पाणी असेल तर आणखी लवकर. आत पिचकारीने पाणी घालून धुवा, बाहेर ओलं फडकं आणि लगेच कोरडं. सेल्युलॉइडला थोडं गार पाणी चालतं पण स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावायचं नाही, कोविडच्या काळात सॅनिटायझरने पुसून पेनांची वाट लावलेली लोकं आहेत. आणि उष्णता. एबोनाइटची जीभ निबला नीट चिकटवायला गरम पाण्यात धरून दाबतात, हे बरोबर आहे, पण फक्त जीभ, पेनातून बाहेर काढलेली. तोच व्हिडिओ बघून अख्खं सेल्युलॉइडचं पेन मेणबत्तीवर धरणारे आहेत, आणि हे लाकडाच्या भुशापेक्षा वाईट पेटतं.

ठेवायचं कसं यात दोघं एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, आणि इथे मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यावं. एबोनाइटला अंधार आणि कोरडी जागा पुरते, बंद डबा चालतो. सेल्युलॉइडला अंधार हवाच पण हवाही हवी, झिपच्या पिशवीत बंद करून कपाटात टाकणं म्हणजे त्याच्याच वायूत त्याला कोंडणं. कापडाच्या खणांचा पेनरोल, दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडून वास घेणं, एवढं पुरतं. दोन्ही प्रकार एका डब्यात ठेवू नका, एबोनाइटचं गंधक चांदीच्या रिंगा काळ्या करतं आणि फिक्या सेल्युलॉइडलाही ते चांगलं नाही.

स्वस्तात सुरुवात करायची तर माझं सरळ मत, पहिलं पेन काळं, बारीक नक्षीचं, तपकिरी पडलेलं एबोनाइट घ्या आणि त्याचा रंग परत आणायच्या फंदात पडू नका. रंगामुळे भाव कमी झालेला असतो आणि पेन पूर्ण चांगलं असतं, याहून फायद्याचा सौदा या नादात नाही. सेल्युलॉइडमध्ये वेअरएव्हरसारखी अमेरिकेची साधी पेनं बघा, नावाला किंमत नाही म्हणून स्वस्त मिळतात आणि रंग मात्र मोठ्या कंपन्यांच्या तोडीचे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजारात एखाद्या पत्र्याच्या डब्यात दहा पेनं एकत्र दिसली तर आधी डब्याचाच वास घ्या, तो झोंबला तर आतलं एक पेन सडलेलं आहे आणि बाकीची किती दिवस त्याच्याबरोबर आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

आणि जाता जाता केसीन. कॉनवे स्टुअर्टसारख्या इंग्लिश कंपन्यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत दुधातल्या प्रथिनापासून बनवलेल्या या मालाची फार देखणी पेनं काढली, आणि ती सेल्युलॉइडसारखीच रंगीत दिसतात. याला ना गंधकाचा वास ना कापराचा, आणि हे पाणी पितं, भिजलं की फुगतं, वाकतं, तडकतं. तेव्हा रंगीत इंग्लिश पेन आहे आणि घासून कसलाच वास येत नाही असं झालं, तर कोरड्या फडक्यानेच पुसा, पाण्याजवळ नेऊ नका, आणि शाई भरायच्या आधी माहितगार दुरुस्तीवाल्याला दाखवा.