बॉयलर, गावठी आणि कडकनाथ : कोंबडीबद्दलच्या समजांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जावा, शिवाजी पेठेत जावा नाहीतर बावड्यात, अंडी मागितली की दुकानदार विचारणार, "बॉयलरची देऊ का गावठी?" पांढरं अंडं बॉयलरचं आणि तपकिरी अंडं गावठी, हा हिशोब आपल्या सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसलाय. गंमत अशी की बॉयलरचं अंडं म्हणून आपण जे खातो ते बॉयलरचं नसतंच. बॉयलर, म्हणजे खरं तर ब्रॉयलर, ही मांसासाठी काढलेली जात, साधारण 40 दिवसांत दोन किलोच्या पुढं जाते आणि कापली जाते, आणि कुठलीही कोंबडी अंड्यावर यायला 18-20 आठवडे तरी लागतात, मग ती बिचारी अंडं घालणार कधी? बॉयलरच्या आया अंडी घालतात, पण ती हॅचरीत पिल्लं काढायला जातात. दुकानात ट्रे भरून येतात ती लेअर कोंबडीची अंडी. लेअर वेगळी, अंगानं हलकी, वर्षाला 300 च्या आसपास अंडी देणारी, आणि तिचं मूळ बहुतेक करून व्हाईट लेगहॉर्न या जातीत, जी इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून अमेरिकेला गेली, तिकडं सुधारली आणि मग जगभर पसरली.

आता रंगाचं. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, ती उकिरड्यावर फिरते का पिंजऱ्यात बसते त्याच्यावर नाही. तपकिरी अंडं घालणाऱ्या लेअरच्या जातीही आहेत, त्याही पिंजऱ्यातच असतात, तेच खाद्य खातात, आणि त्यांचं अंडं तपकिरी दिसतं म्हणून जास्त भावानं खपतं. दक्षिण अमेरिकेतल्या काही कोंबड्या तर निळसर अंडी घालतात, त्यांना काय म्हणायचं मग? आतला बलक मात्र खाण्यावर अवलंबून असतो, हिरवा चारा, मका, झेंडूच्या पाकळ्या असलं पोटात गेलं की बलक केशरी होतो. म्हणजे परसातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद असतो हे खरंय, पण खाद्यात झेंडूचा अर्क मिसळून तोच रंग पिंजऱ्यातल्या कोंबडीकडूनही काढता येतो आणि तसा काढलाही जातो. गावठी म्हणून जिवंत विकतात त्या रंगीत कोंबड्यांतही गिरीराज, वनराज बऱ्याच असतात. गिरीराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली, वनराज हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्रानं. कोंबड्या चांगल्या आहेत, परसात तगतात, पण आजीच्या खुराड्यातली जात म्हणून दुप्पट पैसे मोजत असाल तर जरा विचारून घ्या.

अंडं शाकाहारी का मांसाहारी या भांडणात मी पडत नाही, फक्त एवढंच सांगतो की कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घालते, लेअर फार्मवर कोंबडे नसतातच, त्यामुळं दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघायचा प्रश्नच येत नाही. खुद्द गांधीजींनी 1942 च्या सुमारास आरोग्यावर लिहिताना म्हटलं होतं की ज्याला दूध चालतं त्याला असलं अंडं चालायला हरकत नसावी. त्याला 80 वर्षं होऊन गेली आणि भांडण आहे तिथंच आहे.

सगळ्यात हट्टी समज म्हणजे इंजेक्शनचा. "अरे ती बॉयलर हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवलेली असते", हे वाक्य आपल्याकडं रस्सा ओरपता ओरपता म्हणतात. ही अफवा अगदीच हवेतून आलेली नाही. अमेरिकेत 1947 पासून कोंबड्यांच्या मानेच्या कातडीखाली डीईएस नावाच्या कृत्रिम हार्मोनची बारकी गोळी बसवायचे, कोंबडा मऊ आणि चरबीदार व्हावा म्हणून. ते माणसाला घातक आहे असं दिसायला लागल्यावर 1959 मध्ये कोंबड्यांसाठी त्याच्यावर बंदी आली. गोळी गेली, अफवा राहिली, आणि ती फिरत फिरत आपल्या गल्लीत येऊन स्थायिक झाली. हिशोबानंसुद्धा ते बसत नाही. वाढीचं हार्मोन हे प्रोटीन आहे, खाद्यात घातलं तर पोटात पचून जाणार, मग प्रत्येक कोंबडीला पुन्हा पुन्हा टोचावं लागणार, आणि पाच हजारांच्या शेडमध्ये रोज एकेक कोंबडी धरून टोचत बसायला माणसं कुठनं आणायची आणि पैसे कोण देणार? लोकांना शेडवर जे दिसतं ते लसीकरण असतं. त्यातली मोठी लस राणीखेत रोगाची, ज्याला आपल्याकडं मानमोडी म्हणतात, आणि पिल्लांना ती बहुतेक वेळा डोळ्यात-नाकात थेंब टाकून नाहीतर पाण्यातनं देतात. काळजी करायचीच असेल तर अँटिबायोटिकची करा, ती खरी आहे. कोलिस्टिन हे माणसांच्या बाबतीत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जायचं, त्याच्यावर भारत सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली. पण अँटिबायोटिकची चर्चा कोण करत नाही, इंजेक्शनची सगळे करतात.

मग ती एवढी वाढते कशी? निवड आणि संकर, दुसरं काही नाही. कॅनडात 1957, 1978 आणि 2005 सालच्या जातींच्या कोंबड्या शेजारी शेजारी, एकच खाद्य देऊन वाढवल्या. 56 दिवसांनी वजन केलं तर 1957 ची 905 ग्रॅम, 1978 ची 1808 ग्रॅम आणि 2005 ची 4202 ग्रॅम भरली. जात बदलली की त्याच खाद्यावर चौपटीहून जास्त फरक. पायांना ते वजन पेलत नाही, हृदयावर ताण येतो, या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्याचं कारणही हेच, इंजेक्शन नाही.

ही निवड सुरू कशी झाली ती गोष्ट मला तर लई आवडते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतही कोंबडी पाळायची ती मुख्यतः अंड्यांसाठी, मांस हा वरकड माल. युद्धात बीफ-पोर्कवर रेशन आलं, कोंबडीवर नव्हतं, म्हणून खप वाढला, आणि युद्ध संपल्यावर तो टिकवायचा कसा या काळजीनं तिकडच्या ए अँड पी या दुकानांच्या साखळीनं 'चिकन ऑफ टुमॉरो' अशी स्पर्धाच काढली. देशभरातल्या लोकांनी आपापल्या जातीची अंडी पाठवायची, ती एकाच ठिकाणी उबवायची, पिल्लं सारख्या परिस्थितीत वाढवायची आणि मग कापून छातीचं मांस, पाय, वजन सगळ्याला मार्क द्यायचे. 1948 च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेसची कोंबडी पहिली आली, आणि 1951 ला परत तोच. त्याची कोंबडी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींचा संकर होती. आता कॉर्निश म्हणजे कोण, तर तिचं जुनं नाव 'इंडियन गेम'. 19 व्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सर वॉल्टर गिल्बर्ट या फौजी अधिकाऱ्यानं झुंजीसाठी म्हणून भारतातला असील जातीचा लढाऊ कोंबडा तिकडच्या कोंबड्यांशी जुळवला. झुंजीत ती पिल्लं मंद निघाली, सपशेल फेल, पण छाती अशी भरदार की खाणाऱ्यांनी उचलून धरली. म्हणजे ज्या बॉयलरला आपण परदेशी, नकली, फुगवलेली म्हणतो तिची रुंद छाती आपल्या असीलकडनं गेलीय.

आपल्याकडं हा धंदा मोठा झाला तो पुण्यातून. 1971 ला बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि 1982 ला एनईसीसी, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, उभी राहिली, कारण अंड्याचा भाव तेव्हा व्यापारी ठरवायचे आणि पोल्ट्रीवाला तोट्यात जायचा. 'संडे हो या मंडे' ही जाहिरात त्यांचीच, आणि आजही अंड्याचा रोजचा भाव म्हणून लोक बघतात तो त्यांचाच. पुढं करारावरची शेती आली, कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देणार, शेतकऱ्यानं शेड आणि राबणं द्यायचं आणि किलोमागं पैसे घ्यायचे. आपल्या जिल्ह्यात उसाच्या शेजारी जी लांबडी पत्र्याची शेडं दिसतात त्यातली कितीतरी याच हिशोबावर चालतात.

आता आणखी मागं जाऊ. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो पहिल्यांदा माणसाळवल्याचा मान पूर्वी सिंधू खोऱ्याला द्यायचे, पण 2020 साली 800 हून जास्त कोंबड्यांच्या जनुकांचा जो अभ्यास आला त्यात बोट गेलं नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्याकडं. 2022 ला हाडांचा अभ्यास आला, त्यात पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी पक्की हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथं निघाली, इसवीसनापूर्वी 1650 ते 1250 च्या दरम्यानची. भात आणि वरईसारखी धान्यं पिकायला लागली, रानकोंबडे दाणे टिपायला शेताकडं आले आणि राहिले, असं ते संशोधक सांगतात. पुढं युरोपात कोंबडी पोचली तेव्हा सुरुवातीची कैक शतकं तिला खायचेही नाहीत, माणसाबरोबर अख्खी पुरायचे.

पण आपला सह्याद्री यात मागं नाही. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात सकाळी जो ओरडतो तो राखी रानकोंबडा, लाल नव्हे, ही वेगळी जात आहे आणि ती फक्त भारतातच सापडते. लाल रानकोंबड्याची कातडी पांढरट. मग पाळीव कोंबडीच्या कातडीला आणि पायांना पिवळा रंग आला कुठनं? 2008 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे पिवळेपणाचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय, कधीतरी दोघांचा संकर झाला आणि माणसानं तो रंग आवडून टिकवला. आज जगात कुठंही पिवळ्या पायाची कोंबडी दिसली, लेगहॉर्न असो का बॉयलर, तर तिच्यात थोडा दक्षिण भारतातला रानकोंबडा आहे. (रानातला कोंबडा मारायच्या भानगडीत मात्र पडू नका, वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.)

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण जपानी लोकांनी जवळजवळ शब्दशः करून बघितली. 2013 मध्ये नागोया विद्यापीठात कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, सकाळ कधी झाली ते कळायला काही मार्गच नाही, तरी ते रोज जवळजवळ त्याच वेळेला आरवत राहिले, कारण घड्याळ त्यांच्या अंगातच आहे. बाहेर उजाडायच्या साधारण दोन तास आधीपासूनच कोंबडा आरवायला लागतो, सूर्य बघून नाही. 2015 ला त्यातल्याच संशोधकांनी आणखी एक दाखवलं, आधी आरवायचा मान कळपातल्या सगळ्यात वरचढ कोंबड्याचा, बाकीचे आपापल्या पायरीनं थांबून मागनं आरवतात. कळपात अशी पायरी असते हे त्याच्याही आधी, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यानं कोंबड्यांवरच शोधलं, कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवून.

आणि कडकनाथ. मूळ मध्यप्रदेशातल्या झाबुआचा, 2018 ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हाडापर्यंत काळा दिसतो तो रंगद्रव्यामुळं, त्याच्या जनुकात एक तुकडा दुप्पट झालाय आणि चीनच्या सिल्की कोंबडीतही तोच बदल सापडतो. व्हॉट्सॲपवर काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात ते खोटे, कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी नाहीतर मळकट पांढरं असतं. त्याच्या नावावर एवढे गुण चिकटवले की आपल्या भागात त्याची लाटच आली, पिल्लं घ्या, सांभाळा, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या भावात परत घेतो, अशी स्कीम. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी कर्जं काढून पैसे घातले आणि 2019 ला सगळं कोसळलं, गुन्हे दाखल झाले, सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या फेकून आंदोलन झालं. हे पहिल्यांदा झालं असंही नाही. 1849 ला बॉस्टनमध्ये कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं आणि तिकडं 'हेन फीवर' चढला, चीनकडनं आलेल्या थोराड कोंबड्यांच्या जोड्या वाटेल त्या किमतीला विकल्या गेल्या, एका जातीला तर भारदस्त वाटावं म्हणून ब्रह्मपुत्रेचं नाव दिलं, आजही तिला ब्रह्मा म्हणतात. 1855 पर्यंत तो फुगा फुटला. खरं सांगायचं तर कोंबडी दोन्हीकडं चांगलीच होती, स्कीम वाईट होती.

अफवेनं धंदा कसा बसतो ते मात्र आपण डोळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारी 2006 ला नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तो रोग तरी खरा होता, पण नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो होत नाही हे सांगूनही लोक ऐकेनात. 2020 ला तर रोगाचा आणि कोंबडीचा काही संबंधच नव्हता. चिकन खाल्लं की कोरोना होतो, असा मेसेज फिरला आणि दर पार तळाला गेले, हैदराबादला तेलंगणाच्या मंत्र्यांनी स्टेजवर चिकन खाऊन दाखवलं तरी फरक पडेना, आपल्या शेजारी गोकाक भागात एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो कोंबड्या खड्डा काढून जिवंत पुरल्या. हॅचऱ्यांनी पिल्लं काढणं कमी केलं, शेडं रिकामी पडली. मग लॉकडाऊनमध्ये लोक घरात बसले, खायची इच्छा परत आली, मटण तर आधीच महाग, त्याच्या दरावरून कोल्हापुरात 2019 च्या शेवटी आंदोलनं झालेली, आणि कोंबडी तयार व्हायला कमीत कमी दीड महिना. मालच नव्हता, दर जे वर गेले ते खाली यायला वेळ लागला, आणि त्या चढ्या दराचा फायदा मार्चमध्ये कोंबड्या पुरलेल्यांना व्हायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्याकडं नवीन पिल्लं घ्यायलाही पैसे उरले नव्हते.