उशीर नको, खरखरही नको: संगणकावरच्या ध्वनिमुद्रणातली जुनी ओढाताण

घरच्या संगणकावर गाणं रेकॉर्ड करणाऱ्याची गाठ लवकरच एका आकड्याशी पडते: ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. हा बफरचा, म्हणजे आवाज क्षणभर साठवून ठेवणाऱ्या जागेचा आकार, सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकेका मोजमापात मोजलेला. आकडा लहान ठेवला तर गायलेला सूर हेडफोनमध्ये लगेच परत येतो, पण मध्येच टकटक होते, खरखर होते, एखादा सूर तुटतो. मोठा केला की आवाज स्वच्छ होतो, पण आपलाच सूर आपल्याला मागाहून ऐकू येतो आणि गाता येईनासं होतं.

बफर ही गच्चीवरची टाकी समजा. साउंड कार्डाला सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० सॅम्पल अखंड लागतात; तो नळ कधी बंद होत नाही. संगणक मात्र टाकी थोड्याथोड्या वेळाने येऊन भरतो. टाकी मोठी असेल तर त्याला यायला जरा उशीर झाला तरी निभावतं, पण आता वर चढलेलं पाणी नळाला यायला तितकाच वेळ लागतो. १२८ सॅम्पल ४४,१०० च्या वेगाने २.९ मिलिसेकंदांत संपतात, १०२४ संपायला २३ मिलिसेकंद लागतात. शिवाय आवाज आत घेताना एक बफर आणि बाहेर सोडताना दुसरा, वर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर आणि यूएसबी यांचा थोडा वेळ. म्हणजे प्रत्यक्ष उशीर दुपटीहून जास्तच.

एवढ्याने काय बिघडतं? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत तबलजी गायकापासून एक मीटरवर बसलेला असेल, तर दोघांमध्ये तीन मिलिसेकंदांचा उशीर असतोच आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांच्या लयीत चालला असेल, तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची आणि चौपटीतला एक बोल ५० चा. हेडफोनमध्ये २५ मिलिसेकंदांचा उशीर असेल तर वाजवणारा अर्धा बोल मागे पडलेला ऐकतो. साधारण दहा मिलिसेकंदांच्या पुढे बहुतेक वादकांची तक्रार सुरू होते. गायक त्याआधीच करतात, कारण त्यांचा आवाज हाडांतून थेट कानापर्यंत पोहोचलेला असतो आणि हेडफोनमधला त्याच्यात मिसळून पोकळ लागतो.

ही अडचण संगणकाने आणली असं सरसकट म्हणतात. ते खरं नाही. टेप मशीनमध्ये मुद्रण करणारा हेड आणि ऐकवणारा हेड एकमेकांपासून थोडे दूर असत. टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि अंतर दीड इंच आहे असं धरलं, तरी उशीर १०० मिलिसेकंदांचा. आधीच्या ट्रॅकवर नवा ट्रॅक चढवायचा तर दोन्ही जुळणार कसे? १९५५ मध्ये अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडर यांनी सेल-सिंक ही युक्ती काढली: जुने ट्रॅक ऐकताना मुद्रणाचाच हेड वापरायचा. आवाजाचा दर्जा जरा खालावे, पण वेळ तंतोतंत जुळे. १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे गेलेलं आठ ट्रॅकचं मशीन याच तत्त्वावर चालत होतं.

पुढे संगणक संगीतात शिरला तो आवाज न हाताळता. १९८३ च्या मिडी या वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या पद्धतीत फक्त ‘हा स्वर, एवढ्या जोराने’ असे छोटे निरोप जात. १९८५ च्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला तर मिडीची भोकं अंगचीच होती. खरा आवाज हाताळायची वेळ आली तेव्हा डिजिडिझाइन कंपनीने १९८९ चं साउंड टूल्स आणि १९९१ चं प्रो टूल्स ही उत्पादनं आणली. त्यांत आवाजाचं काम वेगळ्या कार्डावरच्या खास चिपकडे सोपवलं होतं. संगणक म्हणजे बराचसा पडदा आणि माउस. महागडी पण शहाणपणाची सोय. १९९६ मध्ये श्टाइनबर्ग कंपनीच्या क्यूबेस व्हीएसटी या सॉफ्टवेअरने ते काम मुख्य प्रोसेसरवर आणलं, आणि घरगुती स्टुडिओंची खरी सुरुवात तिथून झाली. डोकेदुखीचीही. विंडोजचा स्वतःचा ध्वनिमार्ग फार लांबचा होता.  म्हणून श्टाइनबर्गने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. तिने विंडोजचा मिक्सर बाजूला सारून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर थेट कार्डाच्या ड्रायव्हरशी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमशी जोडलं. ती आजही जिवंत आहे.

पण मार्ग जवळचा केला तरी टाकी भरणारा वेळेवर येईलच याची हमी कोण देणार? माझ्या मते या इतिहासाचा कणा हा प्रश्न आहे. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, वेगवान प्रोसेसर घ्या. प्रोसेसर तेव्हापासून कितीतरी पटींनी वेगवान झाले आणि खरखर राहिलीच. कारण सर्वसाधारण कामाच्या ऑपरेटिंग सिस्टीम सरासरी चांगली यावी अशा हिशोबाने बांधलेल्या असतात. हजारातल्या ९९९ वेळा बफर वेळेत भरला आणि एकदा हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, तर सरासरी उत्तमच दिसते. कान मात्र ती एकच वेळ ऐकतो.

हा लढा सर्वांत उघडपणे झाला तो लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, कारण तिथे कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि भांडणंही चारचौघांत होतात. १९९९ मध्ये बेन्नो सेनोनेर यांनी एक चाचणी लिहिली: छोट्या बफरवर आवाज वाजत ठेवायचा, त्याच वेळी डिस्कवर फायली लिहायच्या, पडद्यावर चित्रं फिरवायची, आणि बफर भरण्याच्या प्रत्येक हप्त्याला किती उशीर झाला त्याचा आलेख काढायचा. २.२ मालिकेतल्या कर्नलच्या आलेखात शंभर मिलिसेकंदांपर्यंत जाणारे सुळके दिसले. दोष प्रोसेसरचा नव्हता. कर्नल एखादं लांबलचक काम हाती घेई आणि ते संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला प्रोसेसर देत नसे. कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोल्नार यांनी अशा कामांच्या अधेमध्ये ‘कुणी थांबलंय का?’ असं विचारणारे थांबे घातले आणि सुळके काही मिलिसेकंदांवर उतरले.

हा पॅच, म्हणजे कोडमधली ही दुरुस्ती, चालला, पण मूळ कर्नलमध्ये गेला नाही. कोडभर थांबे विखुरलेले कर्नलच्या राखणदारांना पसंत नव्हते. असा कोड सांभाळणं कठीण, आणि उद्या कुणी नवं लांब काम घातलं की पुन्हा थांबे शोधत बसायचं. २००० मध्ये लिनक्सवर ध्वनीचं काम करणाऱ्यांनी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना सामूहिक पत्रही लिहिलं. मला या वादात दोन्ही बाजू पटतात, त्यामुळेच तो इतका लांबला असावा. अँड्र्यू मॉर्टन यांनी २.४ साठी थांब्यांचीच वाट पुढे नेली, तर रॉबर्ट लव्ह यांनी वेगळी धरली: कर्नलचं काम चालू असतानाही ते बाजूला सारता आलं पाहिजे, थांबा असो वा नसो. हा मार्ग स्वीकारला गेला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलमधून सगळ्यांना मिळाला.

याच काळात पॉल डेव्हिस आर्डर हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर लिहीत होते. त्याच्या पोटातून जॅक हा ध्वनी-सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज कार्डापर्यंत नेणारा मध्यस्थ निघाला. त्याची शिस्त कडक: प्रत्येक हप्त्याला तो जोडलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना उठवतो आणि ठरल्या वेळेत सगळ्यांनी आपापला वाटा द्यायचा. एकानेही उशीर केला की खरखर सगळ्यांच्या वाट्याला. तिला जॅकवाल्यांच्या भाषेत एक्सरन म्हणतात, आणि एक्सरन मोजण्यात त्यांची वर्षं गेली आहेत.

इथे अडचण आली ती परवानगीची. वेळ पाळायची तर प्रोग्रॅमला रिअल-टाइम प्राधान्य लागतं, आणि ते मिळालेला प्रोग्रॅम अडकून फिरत बसला तर अख्खा संगणक गोठवू शकतो. म्हणून ते फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला असे. गाणं रेकॉर्ड करायला सगळं सॉफ्टवेअर रूट म्हणून चालवणं म्हणजे भलतंच धाडस. संगीतवाल्यांनी स्वतःचं एक सुरक्षा-मॉड्यूल लिहिलं, कर्नलवाल्यांनी नाकं मुरडली, आणि शेवटी २००५ च्या २.६.१२ मध्ये मधला रस्ता निघाला: कोणत्या गटाला किती प्राधान्य द्यायचं याची मर्यादा एका फाइलीत लिहायची. ‘ऑडिओ’ गटात स्वतःचं नाव घालण्याची सूचना कित्येक लिनक्स मार्गदर्शिकांमध्ये दिसते, तिचं मूळ हे.

लॅपटॉप आल्यावर सगळं पुन्हा उलटं झालं. बॅटरी वाचवायची तर प्रोसेसरला जास्तीत जास्त झोपू द्यायला हवं, आणि छोटा बफर त्याला सेकंदाला शेकडो वेळा उठवतो. म्हणून रोजच्या वापरासाठी आलेल्या पल्सऑडिओ या ध्वनी-सर्व्हरने मोठे बफर पसंत केले, जॅक छोट्यांना धरून राहिला, आणि दोन्ही एकाच यंत्रावर नांदवणं हा वैतागच होता. विम टायमन्स यांचं पाइपवायर मुळात व्हिडिओसाठी सुरू झालं होतं. पुढे त्याने दोघांचीही जागा घेतली, आणि एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीत ध्वनीचं सगळं काम त्याच्याकडे गेलं. बफर किती हवा ते चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या मागणीनुसार तो बदलतो: सिनेमा पाहताना मोठा, गिटार जोडली की लहान.

मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी २००४ च्या सुमारास हाती घेतलेलं संपूर्ण रिअल-टाइम कर्नलचं काम मात्र वीस वर्षं रेंगाळलं. शेवटचा अडसर ठरला तो कर्नलचे संदेश छापणारा साधा भाग, प्रिंटके. तोही प्रोसेसर अडवून धरत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते काम मुख्य कर्नलमध्ये शिरलं आणि नोव्हेंबरच्या ६.१२ मधून बाहेर पडलं. त्याचा जास्त फायदा यंत्रमानव आणि कारखान्यांतल्या यंत्रांना होईल. घरी गाणाऱ्याचं काम साध्या कर्नलवरही भागतं. त्याची खरखर आज बहुधा वाय-फायच्या ड्रायव्हरमधून किंवा प्रोसेसरच्या वीजबचतीतून येते, विंडोजवरही आणि लिनक्सवरही. आणि फक्त स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर माइक संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करून बफर खुशाल १०२४ वर ठेवता येतो, कारण तो आवाज संगणकात न जाता परस्पर हेडफोनमध्ये येतो. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधला पियानो वाजवणाऱ्याला ही सवलत नाही. त्याचा आवाज संगणकातच जन्मतो, आणि त्याला १२८ च्या आसपासच राहावं लागतं.