95 टक्क्यांची बातमी आणि जनुकांचं वाळवंट

जून 2024 मध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी फिरली. आतड्याच्या दुर्धर आजाराचं मूळ सापडलं, 95 टक्के रुग्णांत एकच जनुकीय दोष! खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ग्रुपवर माझा मावसभाऊ आहे, त्याला क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे. त्याने मला वेगळा मेसेज केला, "हा दोष माझ्यात आहे का, तपासता येईल?" मी म्हटलं, "बहुतेक असणारच. आणि बहुतेक माझ्यातही असणार." तो चिडलाच. मग फोनवर तासभर जे बोललो, ते इथे जरा नीट लिहून काढतो.

आधी आजाराचं नाव. बातमी होती आयबीडीची, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीजची. आयबीडी म्हणजे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) नव्हे. आयबीएसमध्ये आतडं दिसायला ठणठणीत असतं, फक्त वागायला चक्रम. आयबीडीत आतड्याला खरोखर सूज येते, व्रण होतात, रक्त जातं. तिचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो, तर क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उगवतो आणि भिंतीच्या आरपार जातो. मूळ दुखणं आपल्याच प्रतिकारशक्तीचं असतं. ते तिखट खाऊन होत नाही, आणि कुणी 'काहीतरी खायला घातल्या'नेही होत नाही. पोटाचं जुनं दुखणं म्हटलं की हा संशय अजून येतो, आणि ते 'ओकून काढणारा' कुणीतरी भेटतोच. रक्त जाऊन पांढऱ्या पडलेल्या माणसाला वांत्या करायला लावणं याला उपचार म्हणत नाहीत.

आता ते 95 टक्के. प्रत्येक गुणसूत्राच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. बातमीतला दोष, म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराचा 'धोक्याचा' प्रकार, युरोपीय लोकांत सुमारे 75 टक्के प्रतींवर सापडतो. म्हणजे एक प्रत त्यापासून मुक्त असण्याची शक्यता एक चतुर्थांश, दोन्ही मुक्त असण्याची एक सोळांश. उरले सोळातले पंधरा, म्हणजे जवळजवळ 94 टक्के. हे सगळे निदान एक धोक्याची प्रत घेऊन मजेत हिंडतात! रुग्णांत 95, एरवी 94. धोका वाढतो हे खरं, पण थोडासाच. बातमीतला सगळ्यात चमकदार आकडा सगळ्यात निरुपयोगी होता.

मूळ संशोधन मात्र अफलातून आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स ली यांच्या गटाचा तो शोधनिबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. आयबीडीशी संबंध असलेल्या 200 हून अधिक जागा आपल्या डीएनएवर आधीच सापडल्या होत्या. पण यादी हातात आली म्हणून आजार कळत नाही. बहुतेक जागा जनुकांच्या बाहेर पडतात. तिथे कुठल्याच प्रथिनाची पाककृती लिहिलेली नसते. एकविसाव्या गुणसूत्रावरची ही जागा तर 'जनुकांच्या वाळवंटात' आहे, आजूबाजूला लांबवर एकही प्रथिन बनवणारं जनुक नाही. तरीही क्रोन्स, कोलायटिस, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, पित्तनलिकांचा एक आजार आणि रक्तवाहिन्यांचा टाकायासू, अशा पाच आजारांचं बोट याच ओसाड जागेकडे जात होतं.

तिथे निघालं एक बटण. त्या बटणावर चालणारा दिवा म्हणजे ईटीएस2 नावाचं जनुक, आणि ते सुमारे 2 लाख 90 हजार अक्षरं दूर! डीएनए ताणलेल्या दोरीसारखा नसतो, गुंडाळलेल्या लोकरीसारखा असतो. त्यामुळे दूरची दोन टोकं वेटोळ्यात शेजारी येतात आणि बटण दिव्याला टेकतं. बटण दाबणारं बोट असतं पीयू.1 नावाचं प्रथिन. ते मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या घराण्यात भरपूर असतं. म्हणून हा बदल शरीराच्या प्रत्येक पेशीत असूनही त्याचा परिणाम या पेशींत उमटतो.

आता मला सर्वात आवडलेला भाग. ज्यांच्याकडे एक प्रत धोक्याची आणि एक बिनधोक आहे, अशांच्या पेशी घ्यायच्या. केंद्रक तेच, पीयू.1 तेच, वय, आहार, औषधं सगळं तेच, फरक फक्त दोन प्रतींमधल्या अक्षराचा. आणि पीयू.1 धोक्याच्या प्रतीवर जास्त बसलेलं सापडतं. तुलनेसाठी दुसरा माणूसच लागत नाही, एकाच पेशीत प्रयोग आणि नियंत्रण दोन्ही! मग क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राच्या कात्रीने बटण कापलं, तर ईटीएस2 मंदावलं. ईटीएस2 बिघडवलं, तर मॅक्रोफेजचा दाहक कारभार बसला. उलट शांत बसलेल्या पेशींत ते मुद्दाम वाढवलं, तर त्या क्रोन्सच्या रुग्णाच्या आतड्यातल्या पेशींसारख्या पेटल्या. (इथे मावसभाऊ म्हणाला, "चहा ठेवलाय, बोलत राहा.")

औषधांशी याचा संबंध असा. 1998 मध्ये क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब आलं, ते टीएनएफ या दाहक रेणूला पकडतं. पुढे आयएल-23 या दुसऱ्या दाहक रेणूला अडवणारी औषधं आली, आतड्याकडे निघालेल्या पेशींना वाटेतच रोखणारं व्हेडोलिझुमॅब आलं. कितीतरी लोक त्यांच्यामुळे कामावर परतले. पण टीएनएफ अडवून साधारण एक तृतीयांश रुग्णांना सुरुवातीपासूनच गुण येत नाही. एक नळ बंद केला तरी बाकीचे वाहतातच. ईटीएस2 मुख्य वाहिनीच्या चावीजवळ बसलेलं आहे, टीएनएफ आणि आयएल-23 दोन्ही त्याच्या खालच्या अंगाला येतात.

नेम धरायला असा जनुकीय पुरावा का लागतो, ते आयएल-17 च्या वेळी कळलं होतं. सुजलेल्या आतड्यात तो रेणू भरपूर, म्हणून तोच गुन्हेगार असं धरून त्याला अडवणारं सेकुकिनुमॅब क्रोन्सच्या रुग्णांना दिलं. 2012 मध्ये निकाल आले, उलट त्रास वाढला होता. आयएल-17 आतड्याची भिंत राखण्याचं कामही करतो. आगीजवळ सापडलेला माणूस बंबवालाही असू शकतो.

थेट ईटीएस2 ला अडवणारं औषध नाही. म्हणून गटाने आधीच वापरात असलेल्या औषधांमध्ये तसाच परिणाम करणारं काही आहे का ते शोधलं, आणि हाती लागली कर्करोगात दिली जाणारी मेक-रोधक, म्हणजे पेशीतल्या मेक नावाच्या प्रथिनाला अडवणारी औषधं. रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांवर, प्रयोगशाळेत, त्यांनी दाह कमी केला. पण ही औषधं इतर अवयवांनाही सोसावी लागतात. त्यामुळे ती फक्त मॅक्रोफेजपर्यंत पोहोचवायची कशी, यावर आता काम चालू आहे.

माझी शंका वेगळी आहे. हे धोक्याचं अक्षर निअँडरथल मानवातही होतं. इतकी वर्षं ते टिकलं, याचं कारण बहुधा जंतूंशी लढायला ते उपयोगी पडत असावं. आपल्याकडे टीबीचे जंतू असंख्य लोकांच्या शरीरात गाठींमध्ये कोंडलेले असतात, आणि पहारा असतो मॅक्रोफेजचा. टीएनएफ अडवलं की तो पहारा सैल पडतो, म्हणून इन्फ्लिक्सिमॅबआधी टीबीची तपासणी करतात. त्यात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की मावसभावाने आधी सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं घेतली होती, क्रोन्सचं निदान नंतर झालं. मुख्य चावीच पिळणारं औषध आलं, तर ते लंडनइतकंच सोलापुरातही निर्धोक ठरेल का, ते इथल्या रुग्णांवर चाचण्या झाल्याशिवाय कळणार नाही.

मावसभावाने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे माझं पुढच्या आठवड्याचं इंजेक्शन घ्यायचं ना?"

घ्यायचं, म्हटलं.