रोड टॅक्स महापालिकेला मिळतो?

सांगलीत खड्ड्यात गाडी आदळली की हमखास ऐकू येतं, ‘रोड टॅक्स भरलाय की, मग महापालिका करते काय?’ चीड रास्त आहे, पण हिशोब चुकतोय. गाडी घेताना आरटीओत भरलेला कर राज्याच्या तिजोरीत जातो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची स्वतःची मिळकत म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांची फी. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती, मग तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरला एलबीटीही गेला. बदल्यात राज्य दरमहा भरपाई देतं आणि कायद्याने ती वर्षाला ८ टक्के वाढते. म्हणजे बाजारपेठ कितीही फुगली तरी भरपाईचा आकडा त्याच ठरल्या दराने सरकतो. तेव्हा खड्ड्याचा जाब जरूर विचारा, फक्त हातात घरपट्टीची पावती धरून. (थकलेली असेल तर आधी भरा!)