सेगमेंटेक्टमी की वेज? सही करण्याआधी विचारा

नागपुरातलं मेडिकल असो, तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं, सत्तरी ओलांडलेल्या बाबांच्या फुफ्फुसातली कॅन्सरची गाठ लवकर सापडली की घरच्यांना बरेचदा ऐकायला मिळतं, "थोडाच भाग काढू." ऐकून जीव भांड्यात पडतो. पण हा थोडा भाग सेगमेंटेक्टमी आणि वेज अशा दोन वेगळ्या तऱ्हांनी काढतात, आणि घरचे त्या दोन्हींना एकच समजतात.

उजव्या फुफ्फुसाचे तीन लोब, म्हणजे मोठे भाग असतात, डाव्याचे दोन. अख्खा लोब काढायचा, म्हणजे लोबेक्टमी, ही जुनी रूढ पद्धत. लोबच्या आत सेगमेंट असतात, आणि प्रत्येक सेगमेंटला श्वासनळीची व रक्तवाहिनीची आपली फांदी असते. सेगमेंटेक्टमीत सर्जन नेमक्या त्या फांद्या शोधून बंद करतो. मग शिरेतून हिरवा रंग सोडतात. खास कॅमेऱ्यात बाकीचं फुफ्फुस उजळतं, रक्तपुरवठा तुटलेला सेगमेंट काळा राहतो. त्या सीमेवरून कापायचं. वाटेतल्या लसीकाग्रंथीही (लिम्फ नोड) याच वेळी हाती लागतात.

वेजमध्ये असं काही शोधत नाहीत. गाठीभोवतीचा पाचरीसारखा भाग स्टेपलरने कापून काढतात. वेळ कमी, भूलही कमी वेळ. दम कमी असलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे झेपतं. गाठ फुफ्फुसाच्या कडेला असेल तर वेज चांगलं जमतं. खोल असेल तर भोवती पुरेसा निरोगी भाग मिळणं अवघड. आणि ग्रंथी मुद्दाम काढल्या नाहीत तर तपासायच्या राहून जातात. मला यातली हीच गोष्ट सर्वांत काळजीची वाटते, कारण आजार ग्रंथींपर्यंत गेलाय की नाही यावर पुढचे उपचार ठरतात.

२ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर दोन मोठे अभ्यास झाले. २०२२ च्या जपानी अभ्यासात पाच वर्षांनी सेगमेंटेक्टमीचे ९४.३ टक्के आणि लोबेक्टमीचे ९१.१ टक्के रुग्ण हयात होते. मात्र त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण सेगमेंटेक्टमीत जवळपास दुप्पट होतं. २०२३ च्या अमेरिकी अभ्यासात कमी भाग काढलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची वेजच झाली होती, तरी पाच वर्षांचा निकाल लोबेक्टमीच्या तोडीचा आला. पण तिथे ग्रंथी ऑपरेशनमध्येच तपासून, त्या स्वच्छ असल्याची खात्री करून मगच रुग्ण घेतले होते. वेजला कमी लेखू नका, पण ही अट विसरू नका.

माझं मत स्पष्ट आहे: पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची ताकद मोजणारी तपासणी, बरी असेल आणि बाबा दोन जिने चढत असतील, तर नुसत्या वयाकडे पाहून वेजवर समाधान मानू नये. सेगमेंटेक्टमीनंतर हवा गळत राहू शकते. छातीत घातलेल्या नळीच्या बाटलीत बुडबुडे दिसतात, कधी मुक्काम लांबतो. त्याने घाबरून जाऊ नका.

सर्जनला विचारा: दोन्हींपैकी कोणतं? कडेला किती निरोगी भाग सुटेल? ग्रंथी काढणार ना? ग्रंथीत आजार निघाला तर अख्खा लोब काढणार का? आणि पूर्वी टीबी झाला असेल तर आधीच सांगा, जुने एक्स-रे सोबत न्या. अशा वेळी फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं, आणि मग ते सोडवण्यातच ऑपरेशनचा बराच वेळ जातो. कोणतंच ऑपरेशन झेपणार नसेल तर एसबीआरटी, म्हणजे नेमक्या गाठीवरच दिलेलं जोरदार रेडिएशन, याबद्दलही विचारा.