हाडजोडी

हाडजोडी : (हाडसांधी, कांडवेल, कन्नड (क.) मंगरवळ्ळी, संस्कृत (सं.) अस्थिसंहारी, अस्थिशृंखला). द्राक्ष कुलातील मांसल वेल. शास्त्रीय नाव सिसस क्वाड्रँग्युलॅरिस. खोड हिरवे, चौधारी आणि दर पेराशी आवळलेले. एकेक पेर साधारण बोटभर लांब. पेरांतून ताणे (आधाराला गुंडाळणारे तंतू) फुटतात. पाने मोजकी असतात आणि लवकर गळतात. फुले बारीक हिरवट, फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर लाल. पेरे हाडकासारखी दिसतात, आणि मोडलेल्या हाडाला हीच वेल लावावी ही कल्पना बहुधा तिथूनच आली असावी.

वेलीला पाणी फारसे लागत नाही. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या मुसळधार पावसापेक्षा गोकाक, अथणीकडची कोरडी हवा तिला अधिक मानवते. पेर तोडून मातीत खोचले की रुजते. म्हणून ती विकत आणण्यापेक्षा शेजाऱ्याकडून मागून आणण्याचीच वस्तू. सीमाभागात मराठी बाई ‘हाडजोडी’ मागते आणि कन्नड शेजारीण ‘मंगरवळ्ळी’ तोडून देते, वेल तीच. तीनधारी निवडुंगाशी मात्र गल्लत होऊ देऊ नये. निवडुंगाला काटे असतात आणि मोडल्यावर पांढरा चीक येतो. हाडजोडीला काटे नाहीत, ताणे आहेत, आणि रस पाण्यासारखा निघतो.

हा रस अंगाला लागला की खाज सुटते. खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते त्वचेत आणि घशात टोचतात. म्हणून या वेलीची चटणी करताना शेंड्याकडची कोवळी पेरेच घेतात. हाताला तेल चोळायचे, चारही धारांच्या शिरा सोलून काढायच्या, तुकडे तेलातुपात चांगले परतायचे आणि चिंच घालून वाटायचे. चिंचेत कंजुषी केली तर पहिल्याच घासाला घसा खवखवतो.

आयुर्वेदात भग्न, म्हणजे अस्थिभंगावर, ही वेल पोटात देतात आणि वाटून लेपही लावतात. लाक्षादि गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधात लाख, अर्जुनसाल, अश्वगंधा, नागबला यांच्यासोबत ती असते. आधुनिक पद्धतीने तिची तपासणी १९६०च्या दशकात वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठात झाली. ती करणारे शल्यचिकित्सक के. एन. उडुप मूळचे कर्नाटकातल्या उडुपीकडचे. हाड लवकर सांधत असल्याची लक्षणे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना प्राण्यांत आणि रुग्णांतही दिसली. त्यानंतरचे माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. वयपरत्वे हाडे ठिसूळ होण्यावर हाडजोडीच्या गोळ्या चालतात असे म्हणण्याइतका पुरावा त्यांतून मिळत नाही, डब्यावर काहीही छापलेले असो. आणि मोडलेले हाड आधी एक्स-रे काढून जागेवर बसवावे लागते. लेप लावून बांबूच्या काड्यांनी करकचून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वेल पोटात घेऊ नये.

हाडे मोडण्याआधीचे काम ताटातल्या पदार्थांचे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिग्रॅ. कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या बाईला १२००. खानापूरच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३४० मिग्रॅ. असते, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या तर हिशेब चारशेपर्यंत जातो. त्यातले सगळे अंगी लागत नाही, कारण नाचण्यातले फायटेट हे द्रव्य कॅल्शियम धरून ठेवते. मोड आणल्याने किंवा पीठ आंबवून आंबील केल्याने ही पकड सैल होते. गरिबाचे धान्य म्हणून नाचणा हिणवला गेला आणि आता तोच शहरात पाकिटातून महाग विकला जातो, ही गंमत वेगळी.

तिळातही कॅल्शियम भरपूर, पण त्यातले बरेचसे सालीत असल्याने पॉलिश केलेले पांढरे तीळ त्या मानाने निकस. कारळे (क. गुरेळ्ळू), शेवग्याचा पाला आणि बाळंतिणीला दिले जाणारे अळीव हेही उपयोगी. यांतले काहीही खाल्ले तरी कॅल्शियम शोषले जायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः अंगावर पडणाऱ्या उन्हातून तयार होते.

गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई, याच यादीत सांगितला जातो. कन्नडमध्ये ‘करद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. पण डिंक हा मुख्यतः तंतुमय पदार्थ. हाडांच्या दृष्टीने करदंटात मोल आहे ते त्यातल्या सुक्या मेव्याचे. डिंकाच्या लाडवातही तसेच, खारीक आणि खसखस आपले काम करतात आणि श्रेय डिंकाला जाते.